फाट्यावरचा मोर मी काढलाय

मी कुंचा बोलतोय. चुन्याचा, टक्कल पडलेला. नाक मुरडू नका, आधी फाट्यावरचा मोर बघून या. तो मी काढलाय. पंचशीलाने फक्त मला धरलं होतं.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. रस्त्याच्या कामावर केरबा मुकादमाने घायपाताची पानं ठेचून, त्यांच्या धाग्यांतून मला बनवलं. खडीचा ढीग मोजून झाला की त्यावर चुन्याची रेघ मारायची, म्हणजे कुणी खडी उचलली तर रेघ मोडून कळायचं. हे काम खडी फोडणाऱ्या एका पोरीला, पंचशीलाला मिळालं. तिने रेघेऐवजी मोर काढला. खरं तर ती कोंबडीच दिसत होती. सगळे पोट धरून हसले. तिने पुढच्या ढिगावर दुसरा मोर काढला. केरबानेही ते चालू दिलं, कारण मोराची मान गायब झाली की चोरी लांबूनच दिसायची.

तेव्हापासून पंचशीलाला आणि मला चटक लागली. लग्न होऊन ती या गावात आली, तेव्हा ट्रंकेत लुगड्यांखाली मी होतो. चुना, नीळ, काव, तव्याची काजळी, जे मिळेल त्यात ती मला बुडवायची. जयंतीची कमान, लग्नघराच्या भिंती, काही सोडलं नाही. ओढ्यावर मोर दिसला की त्याचे पाय बघत उभी राहायची आणि इकडे भाकरी करपायची. सासू चांगुणाच्या शिव्या तिला बसायच्या. मी कोनाड्यात साळसूद.

आमच्या गावाचं दुखणं एकच, एसटी. फाट्यावरचं लिंबाचं झाड दुष्काळात वाळलं, तेव्हापासून ड्रायव्हरला खूण उरली नाही; मातकट निवारा लांबून दिसायचाच नाही. गाडी हमखास पुढे जाऊन थांबायची, आणि सरपंच व्यंकटरावांसकट सगळे धोतर सावरत तिच्यामागे पळायचे.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. फाट्यावरच्या निवाऱ्यावर उस्मानाबाद पुसून नवं नाव घालायचं होतं. शहरातला पेंटर मिळेना, कारण सगळीकडेच पाट्या बदलणं चालू होतं. म्हणून व्यंकटरावांनी पंचशीलाला बोलावलं आणि बजावलं, नुसती अक्षरं काढायची, पाखरं नकोत, उद्या साहेब येणार आहेत.

अक्षरं झक्क झाली. मग मी निळीचा एक ओघळ सोडला. मुद्दाम! ती पुसायला गेली तसा तो पसरला. तिने जरा मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचीच मोराची मान केली. दिवस कलेपर्यंत भिंतभर पिसारा झाला होता.

व्यंकटराव आले आणि लालबुंद झाले. आत्ताच्या आत्ता चुना मार म्हणाले. तिने मला चुन्यात बुडवलं. पण भिंतीला टेकवलं नाही. मला रडू येत होतं, पण कुंचा रडला की पुन्हा ओघळच येणार.

"दादा," ती म्हणाली, "असा मोर माझ्याच्यानं परत व्हायचा न्हाई. पुसायचा तर तुम्हीच पुसा."

आणि तिने मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मला उचललं तेवढ्यात एसटी आली आणि बरोबर भिंतीसमोर उभी राहिली. ड्रायव्हर शिवमूर्तीने बाहेर डोकं काढलं.

"लांबूनच मोर दिसला, सरपंच. म्हणून बरूबर ब्रेक लागला."

गाडीतून व्यंकटरावांची म्हातारी आई, कस्तुराबाई, सावकाश उतरली. कितीतरी वर्षांनी ती मागे पायपीट न करता घरी निघाली होती. व्यंकटराव तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला पंचशीलाकडे परत दिलं.

"डोळा राहिलाय त्याचा," ते म्हणाले. "काढ."

आता कंडक्टर गावाचं नाव घेत नाही. "मोरवाले, उतरा" म्हणतो. पंचशीलाकडे दुकानातले ब्रश आलेत आणि माझे तीन-चार धागेच उरलेत. पण डोळा काढायचा असला की ती मलाच वळचणीतून काढते. इतका बारीक ठिपका त्या गुबगुबीत ब्रशांना जमत नाही.

तुमच्या घरात कुणी भिंत खराब करत असेल, तर फडकं घेऊन धावू नका. थोडं थांबा. नुसता डोळा राहिलेला असेल.