उघडं झाकण

बाळंतपणाच्या रजेचा शेवटचा दिवस. तिला घरून काम करायचं होतं आणि साहेबांनी एकच अट घातली होती: "आधी सर्व्हरच्या दाराचा बंदोबस्त करा. ज्यानं त्यानं आपापल्या मशीनवरूनच आत यायचं. आज चारपर्यंत झालं तर उद्यापासून खुशाल घरी बसा. नाहीतर रोज ऑफिस."

बाळ सासूबाईंच्या कडेवर होतं तेवढ्यात तिनं यादी केली. अकरा माणसं, प्रत्येकापुढे त्याच्या मशीनचा पत्ता. नियम लागू केला आणि पडताळायला दुसरी खिडकी उघडून स्वतःच लॉगिन केलं.

नकार. पुन्हा नकार.

मग डोक्यात प्रकाश पडला. स्वतःच्या नावापुढे तिनं हाताच्या सवयीनं ऑफिसातल्या मशीनचा पत्ता घातला होता. पहारा बसवला आणि आपणच उंबऱ्याबाहेर!

आधार एकच. नियम दारात अडवतो, आधीच आत बसलेल्याला उठवत नाही. पहिली खिडकी अजून आत होती. लॅपटॉप मिटला की तीही तुटणार, मग ऑफिस गाठल्याशिवाय दुरुस्ती नाही. आणि घड्याळात साडेतीन.

तेवढ्यात दूध उतू गेलं. ती गॅस बंद करून परतते, तर सासूबाई लॅपटॉपपाशी. त्यांचा स्वभाव घरभर पाठ: उघडं दिसलं की झाकायचं. डबा असो, दार असो, नातवाचं पोट असो. झाकण अर्धं खाली आलंच होतं.

"आई, झाकू नकाऽऽ!"

सासूबाई जागच्या जागी थिजल्या. बाळ खुदकन हसलं.

"अगं, साप निघाला का आतून?"

"तस्संच धरा. हलू नका!"

त्यांच्या हाताखालून वाकून तिनं स्वतःच्या नावापुढे घरच्या या लॅपटॉपचा पत्ता टाकला. नियम पुन्हा लागू. दुसऱ्या खिडकीतून अलगद लॉगिन झालं. तिनं बाळाचा गालगुच्चाच घेतला.

फोन वाजला. साहेब. "अहो, मला आत घेत नाहीये!"

"कुठून येताय?"

"बायकोच्या लॅपटॉपवरून."

"मग बरोबर आहे, साहेब. आपल्या मशीनवरून या."

पलीकडून सातमजली हसू. "बसा घरी! उद्यापासून."

"माझा हात अवघडला गं," सासूबाई अजून झाकण धरूनच होत्या. "सोडू का?"

"सोडा की. आता खुशाल झाका, आई."

"नको बाई, तुझं तूच झाक," म्हणत त्यांनी नातवाचं झबलं तेवढं खाली ओढलं.