मलप्पाच्या रानातलं पाखरू

माळढोक पाहिला, असे मी धान्याच्या मोंढ्यात बोलून गेलो आणि मग माझाच माझ्यावर भरवसा राहिना. पाऊस दगा देऊन गेला होता, उदगीर उस्मानाबादेतून निघून नव्या लातूर जिल्ह्यात आले होते; मोंढ्यात या दोहोंखेरीज विषय नव्हता. त्यात माझे हे. आडतदार मलप्पा हसून म्हणाले, "जिल्हा नवा आला म्हणून पाखरूबी नवं आलं म्हना की, गुरुजी. चष्मा तेवढा पुसून बघा."

मी खरोखरच चष्मा पुसला. जन्मभर पक्ष्यांची पुस्तके वाचली, पण पुस्तकातून मान वर करून पाहायची सवय शाळेतून निवृत्त झाल्यावर लागली. सकाळी भाच्याने दिलेला कॅमेरा गळ्यात अडकवून फिरायचे, बाभळीची साल, दवाने जड झालेले कोळ्याचे जाळे, असे काहीबाही टिपायचे. दूरवर दिसलेले ते उंच पाखरू लांडोरही असेल. पण पुस्तकात वाचलेलेच आता डोळ्यांना दिसू लागले की काय, ही भीती जाईना. एक फोटो मिळता, तर निदान माझे मला कळले असते.

वेळ अमावस्येला आमच्याकडे गाव ओस पडते. सगळे रानात जेवायला जातात, आणि ज्याला रान नाही त्याला कुणी ना कुणी ओढून नेतो. त्या ओढाओढीला भिऊन मी थंडीतच आडवाटेने निघालो. उन्हे वर येईतो भटकलो. आटलेल्या तळ्याच्या कडेला एका रानात ज्वारी ढोपरभरही नव्हती, आणि त्या विरळ पिकात ते उभे होते. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. मी बांधाआड पोटावर पालथा झालो. पाखरू चालू लागले, चौकटीत ठरेना.

तेवढ्यात पलीकडून आरोळी आली. रान मलप्पांचे होते हे माझ्या ध्यानातच नव्हते. डोक्यावरून घोंगडी घेतलेले मलप्पा पुढे, मागे घरची माणसे, अशी पिकाभोवती अंबील शिंपडत सणाची फेरी चालली होती. मी हाताने थांबायची खूण केली. मलप्पांनी ती पाहिली आणि भलतेच समजले. बिनरानाचा माणूस सणाच्या दिवशी संकोचाने बांधाआड दडलेला पाहून त्यांना भडभडून आले असावे. ते पीक तुडवीत सरळ माझ्याकडे आले.

"चोरावानी का बसलाव, गुरुजी? आमच्या रानात जेवायला लाज वाटती व्हय?"

पाखरू लांबवर धावले आणि जड पंख मारीत उठले. मी बटण दाबले तेव्हा चौकटीत नुसती घोंगडी होती.

सगळ्यांनी ते पाहिले होते, त्यामुळे घोटाळा वाढला. मलप्पा म्हणाले गिधाड. त्यांच्या कारभारीण शरणम्मा म्हणाल्या लांडोर. जावई करकोच्यावर अडून बसला.  मग मला पाखरू जिथून धावले ती जागा दिसली. दुष्काळाने तिथली माती पिठासारखी झाली होती, तीत पायांचे ठसे उमटले होते, आणि जावई तिकडेच निघाला होता.

"थांबा! कुणी पुढं पाऊल टाकू नका."

वर्गातही मी इतक्या मोठ्याने बोललो नसेन. सगळे थिजले. मग मला सांगावे लागले, की गिधाडाला, लांडोरीला पायाला पुढे तीन आणि मागे एक बोट असते. करकोच्यालाही असते, पण आखूड. माळढोकाला ते नसतेच. मलप्पांनी अंबिलीचा घट सुनेकडे दिला आणि गुडघे टेकून ठशावर वाकले.

"तीनच हायेत."

"एखादं उमटलं नसेल," मी म्हणालो.

"आता तुमालाच पटंना व्हय? चला, दुसरा बघू."

वाऱ्याने माती सरकू लागली होती. मलप्पांनी घोंगडी आडवी धरून ठशाला आडोसा केला आणि मी त्याचा फोटो घेतला. यंदा कडबा जनावरांनाही पुरत नव्हता, म्हणून चार काठ्यांवर जुने लुगडे टाकून पूजेची खोप केली होती. तिथून शरणम्मा सणाची पालेभाज्यांची भज्जी निवली म्हणून ओरडत होत्या. कुणी हलले नाही. शेवटी त्याही पदर खोचून आल्या आणि वाकल्या.

आम्ही सगळे ओणवे होऊन पाखराच्या मागावर ठशामागून ठसा पाहत गेलो, ते उडाले तिथपर्यंत. मागचे बोट कुठेच नव्हते.