माझा आठवा हात

मी बोलतेय, दगडाखालून. उगाच शोधू नका. जो दगड तुमच्याकडे बघतोय असं वाटेल, तीच मी. थंड समुद्रातली थोराड ऑक्टोपस. हृदयं तीन, रक्त निळं, हाड एकही नाही. माझं अर्धं आयुष्य मत्स्यालयात गेलं. तिथे एकदा मी झाकणाच्या फटीतून सगळीच्या सगळी बाहेर पडले, शेजारच्या टाकीतले खेकडे खाल्ले आणि परत येऊन बसले. कुलूप जसंच्या तसं. खोटं वाटत असेल तर खेकड्यांना विचारा.

माझी देखभाल करणाऱ्याला सगळे पाणीवाला म्हणत. तो मला मावशी म्हणे. रोज सकाळी बाही दुमडून हात पाण्यात घालायचा आणि मी तो धरायचे. आम्ही हातांनीच चव घेतो, त्यामुळे तो चहा पिऊन आलाय की भांडून, मला लगेच कळायचं.

दर आठवड्याला वजन. मला जाळीच्या टोपलीत घालून काट्याला लटकवत. डॉक्टरीणबाई समोरून आकडा वाचत. पहिल्याच वेळी माझा आठवा हात मागून जाळीबाहेर निसटला आणि टाकीच्या काठाला चिकटला. माझा दोष नाही हो. आमच्या प्रत्येक हाताला स्वतःचं डोकं असतं, आणि हा आठवा जरा आगाऊ. माझा थोडा भार काठावर गेला आणि आकडा दोन किलोंनी घसरला. बाई हळहळल्या, खेकडे वाढले. मग मीही त्याला कधी दटावलं नाही.

एके दिवशी बाई म्हणाल्या, मावशी अंड्यांवर आलीय, समुद्रात सोडायला हवी. पण इतकी रोडावलेली पाठवता येणार नाही. पुढच्या वजनावर ठरवू.

माझी तिन्ही हृदयं बसली. टाकीत अंडी घातली तर पिल्लं गाळणीत ओढली जाणार.

वजनाच्या दिवशी सात हात पोटाशी आवळून बसले. आठवा ऐकेना. सवयीने गेला आणि चिकटला.

"अजून कमीच," म्हणत बाईंनी पेन उघडलं.

पाणीवाला माझ्या मागे उभा होता. दर वेळी तिथेच असायचा. त्याला तो हात दिसत नसेल, हे शक्यच नव्हतं; माझ्या नऊ डोक्यांत हे तेव्हा शिरलं.

"थांबा बाई," तो म्हणाला. मग वाकून हळूच, "मावशी, पुरे आता. सोडूया दोघांनीही."

"तुला माहीत होतं? कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने काठावरून माझा हात हळूहळू सोडवला, क्षणभर मनगटाला गुंडाळू दिला आणि टोपलीत ठेवला. काटा झपकन पुढे सरकला.

आता समुद्रातल्या या कपारीत अंड्यांच्या माळा छताला लोंबतायत. त्यांच्यावर पाणी फुंकत बसते. खाणं बंद. पिल्लं निघाली की माझंही संपेल, आमच्यात तशीच रीत आहे. वजन उतरतंय, या वेळी अगदी प्रामाणिकपणे.

पाणीवाला भेटला तर एवढंच सांगा: सात हात अंडी पुसण्यात गुंतलेत. आठवा अजून अधूनमधून मनगट शोधतो. मी त्याला दटावत नाही.