लांब शेपटीचा मोठा

माझी बायको चौथीला शिकवायची आणि मी पाचवीला गणित. तिने वर्षभर पोरांच्या डोक्यात जे भरलं, त्यातलं निम्मं उपसून काढायचं काम माझ्याकडे, असं मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत सांगायचो. ती समोरच वह्या तपासत बसलेली असायची. मान वर न करता म्हणायची, "उपसायला आधी आत काहीतरी असावं लागतं. ते मी घालते."

भांडणाचं मूळ एक शेपटी होती. चौथीत संख्यांचा लहानमोठेपणा शिकवतात. ९८ मोठी की १०२? पोरं नऊ आणि आठ बघून भुलतात, कारण एक, शून्य आणि दोन ही मंडळी त्यांना अगदीच किरकोळ वाटतात. मग बायको फळ्यावर पहिल्या आकड्याला उंदराचे कान काढायची, मिशा काढायची, आणि मागचे आकडे म्हणजे त्याची शेपटी. "लांब शेपटीचा..." असं म्हणून ती एक हात पाठीमागे न्यायची आणि हलवायची. "मोठा!" असं ओरडून अख्खा वर्ग हात मागे नेऊन हलवायचा. त्यानंतर एककाचं घर, दशकाचं घर, शतकाचं घर वगैरे रीतसर व्हायचं, पण पोरांच्या लक्षात राहायची ती शेपटी.

हीच पोरं पुढच्या वर्षी माझ्यासमोर बसायची. मी फळ्यावर ०.५ आणि ०.४५ लिहायचो आणि विचारायचो, मोठी कोणती? सगळे हात पाठीमागे जायचे, हलायचे, आणि छप्पर उडेल अशा आवाजात उत्तर यायचं, "०.४५!" टिंबाच्या पलीकडे शेपटीच्या लांबीला कुणी विचारत नाही, तिथे आधी दशांशाच्या घरात कोण बसलंय ते बघायचं असतं, हे त्यांच्या गळी उतरवताना माझ्या नाकी नऊ यायचे. आमची स्वतःची लेकही याच रांगेतून गेली. तिनेही भर वर्गात हात मागे नेऊन माझ्याकडे बघत शेपटी हलवली होती. पोरं मला टिंबसर म्हणतात. मी ठेंगणा, गोल, त्यात दशांश शिकवतो. तेव्हा त्यांनी फार डोकं चालवलं असं नाही.

"अगं, नियम सांगताना एवढंच म्हण, की हा पूर्ण संख्यांपुरता आहे," मी दरवर्षी घरी येऊन म्हणायचो.

"नऊ वर्षांच्या पोराला 'पण' सांगितला की नियम विसरतो आणि 'पण' तेवढा लक्षात राहतो," ती म्हणायची. "आधी ठाम उभं राहू द्या त्याला. पाडायला तुम्ही आहातच की."

एकदाचा वर्ग ताळ्यावर आला की मी घरी येऊन चपला काढता काढता जाहीर करायचो, "कापली!" ती कपाळाला हात लावून म्हणायची, "मेल्या माझ्या उंदरांचं काय केलंत हो!" आणि त्या दिवशी आमच्याकडे कारण नसताना गोड व्हायचं.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. आजार मोठा होता आणि आम्हा दोघांनाही तो कळलेला होता. मी रजा घे म्हणून डोकं आपटलं, लेकीने फोनवर रडून बघितलं, पण ही वार्षिक परीक्षेपर्यंत रोज शाळेत गेली. "घरी बसले की दुखतं, वर्गात गेले की विसरते," म्हणायची. संध्याकाळी अंथरुणावर पडून मला वर्गाची साग्रसंगीत बातमी द्यायची. कुणाचा दात पडला, कुणी कुणाला चिमटा काढला, कोण बाकाखाली लपून खाऊ खात होतं. मला वाटायचं, एवढं बोलतेय म्हणजे ठीक आहे.

सुटीत तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. रक्तातला एक आकडा वर चढायला हवा, असं डॉक्टर म्हणाले होते. आधीच्या रिपोर्टात तो २.५ होता, नव्यात २.३५ आला. मी तो कागद उलटा धरून तिच्या उशाशी उभा होतो. तिने तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि वाचला. तिला दशांश येत नव्हते असं नाही. मी कधी रजेवर असलो तर माझी पाचवी तीच सांभाळायची. कागद परत देत ती म्हणाली, "वाढला की हो! शेपटी बघा." आणि सलाईन लावलेला हात पाठीमागे न्यायला गेली, पण तो काही जाईना.

"हो," मी म्हणालो, "चांगलाच वाढलाय."

शाळा उघडायच्या आधी ती गेली.

लोक म्हणाले, थोडे दिवस घरी थांबा. घरी थांबून काय करू? तिचा चष्मा बघत बसू? पहिल्याच दिवशी हजर झालो. चौथीला आता एक नवीन बाई आल्या आहेत, हुशार आहेत, मनाने चांगल्या आहेत. त्या 'जास्त आकड्यांची संख्या मोठी' या नियमाखाली तांबड्या खडूने 'फक्त पूर्ण संख्यांसाठी' असं लिहितात. त्यांच्या वर्गावरून जाताना मी ते वाचलं आणि त्या बिचारीचा मला इतका राग आला, की ती नमस्कार करत असताना मी सरळ पुढे निघून गेलो.

माझ्या वर्गात बायकोची शेवटची पोरं बसली होती. कधी ना कधी दशांश काढायलाच हवे होते. मी फळ्यावर ०.५ आणि ०.४५ लिहिलं, विचारलं, आणि मागे वळलो. सगळे हात पाठीमागे गेलेले होते. तीच हालचाल, मनगटाला तोच झटका, शेवटी बोट तसंच जरा वाकवलेलं. इतक्या सगळ्या छोट्या हातांमध्ये माझी बायको हलत होती.

"०.४५!" पोरं ओरडली.

"बरं," मी म्हणालो, आणि भूमितीचं पुस्तक उघडलं.

त्यानंतर मी कोन शिकवले, त्रिकोण शिकवले, वर्तुळाला तर नको इतका वेळ दिला. शेजारच्या ब तुकडीचे दशांश कधीच संपले होते. मी मात्र रोज तासाला सुरुवात करताना एक प्रश्न टाकायचो. ०.७ की ०.६८? ०.३ की ०.१२५? हात मागे जायचे, चुकीचं उत्तर दणक्यात यायचं, आणि मी "बरं" म्हणून कोनमापक हातात घ्यायचो. शिक्षकाने असं वागू नये, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण ही शेपटी एकदा कापली की जगात ती कुठेच उरणार नव्हती. दिवसातला तेवढा एक क्षण मला हवा होता आणि तो मी पोरांच्या डोक्यातून घेत होतो.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे वकील म्हणतात. दोन वेण्या, गुडघ्याला कायम खरचटलेलं, आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरचा गारद. एका दुपारी ती मधल्या सुटीत माझ्याकडे धावत आली. एक वेणी सुटलेली, सदऱ्याची बाही उसवलेली, गालावर माती आणि त्यातून वाहिलेलं पाणी.

झालं असं होतं, की मैदानावर दोन्ही तुकड्यांची लांब उडी होती. खेळाच्या सरांनी पाटीवर मीटरमध्ये आकडे लिहिले. ब तुकडीतल्या एका मुलीचा २.५ आणि हिचा २.४५. सरांनी त्या मुलीला पहिली म्हणून पुढे बोलावलं, तर ही आडवी आली. पहिली मी, माझी शेपटी लांब आहे, असं म्हणून तिने सगळ्या मैदानासमोर हात पाठीमागे नेऊन हलवून दाखवला, आणि माझा अख्खा वर्ग तिच्या पाठीशी उभा राहून तसाच हात हलवू लागला. ब तुकडी हसून लोळली. कुणी शिकवलं रे हे तुम्हाला, असं विचारल्यावर हिने मान ताठ करून सांगितलं, बाईंनी. तेव्हा ब तुकडीतला कुणीतरी म्हणाला, तुमच्या बाईंना गणितच येत नव्हतं. मग हिने त्याला हाणलं.

"सर, तुम्ही चला ना," ती माझी बाही ओढत म्हणाली. "तुम्ही सांगा त्यांना. बाईंना येत होतं ना गणित? बाई बरोबर होत्या ना?"

मेलेल्या बायकोला मी भर मैदानात हसं करून ठेवलं होतं. तिने पोरांना ठाम उभं केलं होतं ते माझ्या भरवशावर, आणि मी माझं काम करायचं सोडून रोज तमाशा बघत बसलो होतो.

"आधी तोंड धू," मी म्हणालो. "मग वर्गात या सगळे."

मी प्रत्येक बाकावर एक चौकोनी कागद आणि कात्री दिली. कागदाच्या दहा सारख्या पट्ट्या कापायला लावल्या. अख्खा कागद म्हणजे एक, त्यातली एक पट्टी म्हणजे एक दशांश. पाच पट्ट्या डावीकडे मांडा, हे झालं ०.५. चार पट्ट्या उजवीकडे. एक पट्टी उरली, तिचे पुन्हा दहा तुकडे करा; यातला एक तुकडा म्हणजे एक शतांश. त्यातले पाच उचला आणि उजवीकडच्या चार पट्ट्यांना जोडा. हे झालं ०.४५. आता बघा कोण मोठं.

वर्गात कात्र्यांशिवाय आवाज नव्हता. वकिलाने पट्ट्यांवर पट्ट्या ठेवल्या, तुकडे पाचव्या पट्टीवर एकाला एक लावून ठेवले. निम्मी पट्टी उघडी राहिली. तिने तुकडे उचलून पुन्हा ठेवले. पुन्हा निम्मी उघडीच राहिली. मग तिने ते तुकडे थोडे ओढून बघितले, मधे फट पडली तशी परत मिटवले. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"म्हणजे बाई चुकल्या?" ती म्हणाली. हे ती एवढ्या हळू म्हणाली, की मला आधी कळलंच नाही की ती बोलली.

"नाही," मी म्हणालो. "बाईंना हे सगळं येत होतं. माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. आमचं दोघांचं तसं ठरलं होतं. टिंबाच्या अलीकडचं त्यांनी शिकवायचं, पलीकडचं मी. उशीर मी केला. त्यांची त्यात काही चूक नाही. हे मी खेळाच्या सरांना सांगीन आणि ब तुकडीलाही सांगीन."

पोरांना पटलं. पोरांना खरं पटकन पटतं. मी फळ्यावर लिहिलं, ०.७ की ०.६८? काही हात मागे निघाले होते, ते अर्ध्यातून परत आले. "०.७." मी लिहिलं, ०.३ की ०.१२५? "०.३!" आता एकही हात हलला नाही. मी आणखी एक दिलं. आणखी एक अवघड दिलं. खोटं कशाला बोलू, मी चुकीच्या उत्तराची वाट बघत होतो. कुणीतरी एकाने, शेवटच्या बाकावरच्या एखाद्या झोपाळूने तरी हात मागे न्यावा म्हणून मी लिहीतच राहिलो.

"सर, आलं आता आम्हाला," पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "पुढचं शिकवा ना."

पुढचं म्हणजे दशांशांची बेरीज. मी फळ्याकडे वळलो. ०.२५ लिहिलं, खाली ०.३ लिहिलं, रेघ मारली. डोळ्यांतलं पाणी खाली गळत होतं आणि फळा मला नीट दिसत नव्हता, पण वर्गाकडे पाठ होती म्हणून निभावत होतं. उत्तर लिहिलं, ०.२८.

मग बाक सरकल्याचा आवाज आला आणि वकील माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ती ओरडून बोलली नाही, वादही घातला नाही.

"सर," ती फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "तीन दशांशांच्या घरात हवा ना? तुम्ही शतांशांच्या घरात लिहिलाय."

मी बघितलं. पाचाखाली तीन. पाचवीच्या पोराला मी ज्यासाठी उभं करतो, तीच चूक. मी डस्टर शोधायला लागलो. ते तिने माझ्या हातात दिलं.

"असू दे सर," ती म्हणाली. "बाईंचंही असंच व्हायचं. शेवटी शेवटी तर रोजच. हात थरथरायचा आणि आकडा भलत्याच घरात पडायचा. मग आमच्यातलं कुणीतरी पुढे जाऊन हळूच सांगायचं, आणि त्या पुसायच्या. आम्ही कुणाला सांगितलं नाही. आईलापण नाही."

म्हणून मघाशी तिने मला विचारलं होतं, बाईंना येत होतं ना. आणि मी, जो रोज संध्याकाळी पडलेल्या दातांच्या आणि चिमट्यांच्या बातम्या ऐकत बसायचो, तो समजत होतो की मला सगळं कळतंय.

"मग बाई काय म्हणायच्या?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "म्हणायच्या, एवढं सरांना सांगू नका रे, ते घाबरतील."

मग ती जागेवर जाऊन बसली, आणि मी तीन कुठे लिहितो ते बघत पेन्सिल हातात धरून थांबली.