मन पळालं की बटण दाबा

विद्यापीठाच्या मेंदूविज्ञान विभागात सगळे तिला मॅडम म्हणायचे. पण या गोष्टीत तिचा धाकटा भाऊ आहे, म्हणून आपण तिला ताईच म्हणू.

ताईची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. एक आरामखुर्ची, तारा जोडलेली एक रबरी टोपी, आणि काचेच्या भिंतीपलीकडे संगणक. प्रयोग सोपा होता. टोपी घालून खुर्चीत बसायचं, श्वासाकडे लक्ष ठेवायचं आणि मन भलतीकडे गेलंय असं लक्षात आलं की हातातलं बटण दाबायचं. मन पळतं तेव्हा मेंदूत काय घडतं, हे तिला शोधायचं होतं. आतापर्यंत ज्यांना बसवलं ते बहुतेक विद्यार्थी होते. ते निवांत बसायचे, अधूनमधून एखादं बटण दाबायचे. एक तर घोरायला लागला होता.

तिला मुरलेलं मन हवं होतं. आणि तसं मन ज्याच्याकडे असेल असा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता, तिचा धाकटा भाऊ. बऱ्याच वर्षांपूर्वी विमा विकायचं सोडून तो बौद्ध भिक्खू झाला होता, आणि सध्या शहराच्या दुसऱ्या टोकाला विहारात मुक्कामाला आला होता.

"माझं मन बघून काय करणार, ताई?" फोनवर तो म्हणाला. "मलाच ते धड दिसत नाही."

"तू ये तर खरा. यंत्राला दिसेल."

तो आला. चीवर सावरत खुर्चीत बसला. ताईने टोपी उचलली, तसे त्याने दोन्ही हात वर केले.

"तू लावू शकत नाहीस. स्त्रीने स्पर्श करायचा नाही, असा आमचा नियम आहे."

"अरे, मी तुला आंघोळ घातलीय."

"तेव्हा नियम नव्हता. आणि मी तेव्हाही नको म्हणूनच रडत होतो."

ताई टोपी हातात धरून तशीच उभी राहिली. विभागातले पुरुष सहकारी परिषदेला गेले होते. मागे उरले होते फक्त विभागप्रमुख, ज्यांना पाठीमागे सगळे पुरावासर म्हणत. कुणी काहीही सांगितलं, अगदी बाहेर ऊन आहे असं सांगितलं, तरी ते आधी "पुरावा काय?" असं विचारत. ध्यानाबिनाच्या संशोधनावर त्यांचा राग होता. ताईच्या या प्रकल्पावर त्यांनी सही केली होती, पण ती कशी, तर दात काढून घेताना माणूस तोंड उघडतो तशी.

ताई वरच्या मजल्यावर गेली आणि त्यांना घेऊन आली. सरांनी बाह्या सरसावल्या. ते भिक्खूच्या गुळगुळीत डोक्यावर चिकट जेल लावायला लागले. तोंड वाकडं होतं, पण हात सराईत होते. तरुणपणी त्यांनी असली हजार डोकी हाताळली होती.

"केस नसल्यामुळे संपर्क फार छान मिळतोय," थोड्या वेळाने ते नाइलाजाने म्हणाले.

"एवढ्यासाठीच काढले," भिक्खू म्हणाला.

प्रयोग सुरू झाला. भिक्खूने डोळे मिटले. काचेमागे ताई आणि सर पडद्याकडे बघत बसले. ताईने सरांना आधीच सांगून ठेवलं होतं, की आता बघा, अर्धा-अर्धा तास बटण वाजणार नाही.

टक.

ताई हसली. "सुरुवात आहे. बसतोय अजून."

टक. टक. मग थोडी शांतता, आणि पुन्हा टक. पुढे पुढे तर एखादा टंकलेखक काम करत बसलाय असं वाटायला लागलं. ताईचा चेहरा उतरत गेला आणि सरांचा फुलत गेला. आजवर कुठल्याच विद्यार्थ्याने, अगदी त्या घोरणाऱ्यानेही, इतक्या वेळा मन पळाल्याची कबुली दिली नव्हती.

"इतकी वर्षं ध्यानाला बसून एवढंच?" सर खुशीत म्हणाले.

दुपारी सरांनी आपला डबा तिथेच उघडला. भिक्खू नियमाप्रमाणे बाराच्या आत जेवून मोकळा झाला होता, त्यामुळे तो नुसता पाण्याचा पेला घेऊन बसला. ताई त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"एवढ्या वेळा कसं रे पळालं तुझं मन?" तिने विचारलं.

"सगळ्यांचंच पळतं. मी फक्त पकडलं जास्त वेळा. तुझे विद्यार्थी बटण दाबत नाहीत, कारण मन गेलंय हे त्यांच्या गावीच नसतं. घर उघडं टाकून गेलेल्या माणसाला चोरी झालेली कळते का?"

"पुरावा काय?" सरांनी घास हातात धरूनच विचारलं.

"काही नाही. तो तुमचा प्रांत. तुम्ही काढा."

सर पुन्हा डब्याकडे वळले, पण ताई ताठ बसली. तिच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं होतं. बटण माणसाच्या मर्जीवर होतं, तिथेच घोळ होता. मधेच अवचित घंटा वाजवायची, आणि त्या क्षणी मन कुठे होतं ते विचारायचं. मग पळणं वेगळं मोजता येईल आणि पकडणं वेगळं.

जेवणानंतर तिने तसं केलं. घंटा वाजली की माइकवरून ती विचारायची, आणि भिक्खू डोळे न उघडता सांगायचा.

"श्वासावर."

"श्वासावर."

"सरांच्या डब्यावर. लोणचं होतं का त्यात?"

सरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पुन्हा काही वेळा श्वासावर. मग एकदा घंटेनंतर वेगळंच उत्तर आलं.

"ताईच्या वेणीवर. ती सायकल चालवायची आणि मी मागे बसायचो. वारा आला की वेणी सपकन तोंडावर बसायची."

ताईचा हात आपसूक मानेकडे गेला. तिचे केस आता आखूड होते. तिला संगणकावर उत्तराचा प्रकार निवडायचा होता: भूतकाळ, भविष्यकाळ, कल्पना, इतर. तिने भूतकाळ निवडला आणि उगाचच बराच वेळ माउस चोळत बसली.

आकडे मात्र बोलके होते. भिक्खूचं मन घंटेच्या वेळी बहुतेकदा जागेवर सापडलं होतं. सर पडद्याजवळ गेले, चष्मा वर केला, खाली केला.

"एका माणसाने काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "तुलनेला दुसरा हवा."

"तुम्ही बसा की," भिक्खू टोपी काढत म्हणाला.

ताईला वाटलं, आता सर उठून जाणार. पण ते बसले. त्यांना टोपी ताईने घातली. त्यांचा काही नियम नव्हता. बटण हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि एकदाही टक वाजलं नाही. पहिली घंटा झाली.

"श्वासावर," सर म्हणाले.

दुसरी घंटा झाली. "श्वासावर." आवाज अगदी ठणठणीत.

तिसरी घंटा झाली. ताईने विचारलं. सरांनी डोळे उघडून छताकडे बघितलं.

"नव्हतो," ते म्हणाले. "आधीच्या दोन्ही वेळीही नव्हतो. खोटं बोललो. आणि गंमत म्हणजे, मी सांगितलं नसतं तर या सगळ्या तारांना ते कळलं नसतं."

त्यांच्या तोंडून असं काही ताईने कधी ऐकलं नव्हतं.

"मग होतात कुठे?" भिक्खूने सहज विचारलं.

"एका जुन्या सहकाऱ्याशी भांडत होतो. तो वारला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुद्दा साधा होता, माझ्या एका निबंधातल्या आलेखाबद्दल. आज मी जिंकत होतो."

"बोलत कोण होतं?"

"मी."

"आणि उत्तरं कोण देत होतं?"

"तो. म्हणजे मीच."

"आणि ऐकत कोण होतं?"

"तेही मीच म्हणायचं."

"गर्दी आहे बरीच," भिक्खू म्हणाला.

सर हसले. टोपीच्या तारा हलल्या आणि पडद्यावरच्या रेषा वेड्यावाकड्या उसळल्या.

"यातला खरा मालक कोण, ते आम्हालाही सापडलेलं नाही," ताई म्हणाली. "मेंदूत अशी एक जागाच नाही, जिथे कुणी बसून हुकूम सोडतंय."

"आमचंही तेच म्हणणं. फक्त आम्ही जरा लवकर शोधायला लागलो."

"थांबा, थांबा," सर सावरून बसले. त्यांना हवी ती फट सापडली होती. "आत कुणी मालकच नसेल, तर तुमचा तो पुनर्जन्म कुणाचा होतो?"

"एका दिव्यावर दुसरा दिवा लावला, तर पहिल्यातून दुसऱ्यात काय गेलं?"

"ही उपमा झाली."

"हो, उपमाच आहे. हा प्रश्न मी माझ्या गुरूंना विचारला होता, तेव्हा त्यांनी मला अंगण झाडायला पाठवलं. आता तुम्ही सांगा, या चिकट मेंदूतून लोणच्याची आठवण कशी तयार होते?"

"ते अजून ठरायचंय," सर म्हणाले.

"मग चला, अंगण झाडू."

संध्याकाळी ताई भावाला सोडायला गाडीची किल्ली घेऊन निघाली, तर तिथेही अडचण आली. एकट्या स्त्रीबरोबर बंद गाडीत बसायचं नाही, असाही नियम निघाला. ताईने कपाळाला हात लावला. सर मात्र लगेच म्हणाले, "मी येतो. माझी गाडी काढू." कपाळावर जेल वाळून खपली धरली होती, त्याची त्यांना शुद्ध नव्हती.

भिक्खू पुढे बसला, ताई मागे. वाटभर सर बोलत होते. मन नदीसारखं वाहतं म्हणता, तर गाढ झोपेत ते कुठे जातं? भूल दिल्यावर कुठे जातं? भिक्खू मधेच उत्तर देई, मधेच "माहीत नाही" म्हणे, आणि दर "माहीत नाही"ला सर जास्तच खूश होत. एक वळण चुकलं, मग दुसरंही चुकलं.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ताई पुढे वाकली.

"वेणी लागायची, तर तेव्हाच सांगायचं नाही का? मी आंबाडा घातला असता."

"सांगितलं असतं, तर तू मला खाली उतरवलं असतंस."

ताईने क्षणभर विचार केला. "उतरवलं असतं," ती म्हणाली.

विहाराच्या फाटकापाशी सरांनी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केल्यावरही त्यांचा प्रश्न संपला नव्हता. ताई खाली उतरून पदपथावर उभी राहिली. आतून सरांचे हातवारे दिसत होते, आणि तिचा भाऊ मान तिरकी करून ऐकत होता. लहानपणी गणित कळलं नाही की तो अगदी असाच बसायचा.

तिने दोनदा घड्याळ बघितलं. मग दार उघडून ती पुन्हा मागच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, "भुलीचं काय म्हणत होतात, सर? मला नीट ऐकू आलं नाही."