उप्पीट वाढलं

दुष्काळाच्या त्या साली आटपाडीकडच्या एका शाळेत हरणाबाई पोरांसाठी उप्पीट शिजवायच्या. रवा सरकारी, तेल सरकारी, पातेलं तेवढं गावाचं. ते घासायला पाणी नव्हतं, पण पोरं इतकं पुसून खायची की घासायचं काही राहतच नसे.

अशात वरून फर्मान निघालं: शाळांतून अन्न वाया जातं, ते थांबवा. जिथं उरतं, तिथला रवा कमी करा. त्यासाठी सांगलीहून एक साहेब आले. गृहस्थ मराठीच, पण जन्मभर वसतिगृहात नि खाणावळीत जेवलेले. घरातल्या बायका काय बोलतात, ते त्यांच्या कानावर पडायचा प्रश्नच नव्हता.

हरणाबाईंच्या तोंडात 'संपलं' हा शब्द नव्हता. मीठ संपलं, पीठ संपलं असं म्हणायचं नाही. म्हटलं की खरंच संपतं. 'वाढलं' म्हणायचं. त्या साली गावात रोज काही ना काही वाढत होतं.

"शेवटी उप्पिटाचं काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"वाढतंय, सायेब."

"रोज?"

"रोजच की."

"किती वाढतं?"

"समदं."

साहेब मनापासून हळहळले. पुढच्या खेपेला रवा निम्मा आला.

मुख्याध्यापक भाऊसो गुरुजींनी कपाळाला हात लावला. "आवं हरणाबाई, सायबांना वाटलं, उरतंय! आता आले की सरळ 'संपलं' म्हणा."

"चुलीफुडं हुबं ऱ्हाऊन? न्हाई जमायचं, गुरुजी."

"मग मागच्या रांगेनं काय खायाचं?"

रोज मागच्या रांगेपुढं रिकामं पातेलं घेऊन उभं राहायची हरणाबाईंना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती. साहेबांचा राग येत होता, आणि स्वतःच्या जिभेचा त्याहून जास्त.

महिन्याभरानं साहेब पुन्हा आले, तेही ऐन जेवणाच्या वेळी. "काय बाई, अजून वाढतं का?"

हरणाबाईंनी डोळे मिटले. मनातल्या मनात चुलीची माफी मागितली.

"संपलं, सायेब."

"शाब्बास!" साहेबांचा चेहरा खुलला. "बघा गुरुजी, निम्म्यात कसं नेमकं भागलं! आता हेच प्रमाण कायम करू. कणभरसुद्धा उरलं नाही."

गुरुजींचा आ वासलेला तसाच राहिला. हरणाबाईंचं मात्र, नको ते एकदा बोलून झाल्यावर, भ्यायचं काही शिल्लक नव्हतं.

"उरलं की, सायेब."

"काय उरलं?"

हरणाबाईंनी उलथन्यानं मागची रांग दाखवली.

"पोरं."