फळाचा रकाना

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात माझ्याकडे वाळलेल्यांचा कारभार. कागदांवर चिकटवलेली बत्तीस हजार चारशे सात रोपं, आणि प्रत्येकाची माझ्या नोंदवहीत एक ओळ: कुठे मिळालं, कोणी आणलं, पान, फूल, फळ. जिवंत झाडं सांभाळणारे वेगळे. ते कायम धास्तावलेले असतात. माझी मंडळी एकदा मेली की पुन्हा त्रास देत नाहीत.

त्या वहीत एका ऑर्किडच्या ओळीतला फळाचा रकाना एकतीस वर्षं रिकामा होता. ती ओळ थोरल्या सरांची. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी रोज साडेनऊला हजर, काखेत रोपं दाबून वाळवायचा लाकडी प्रेस. हिरवं दिसलं की खुडायचं आणि वर्तमानपत्रात दाबायचं, हा हाताला जडलेला रोगच. हे ऑर्किड त्यांना ज्या उतारावर सापडलं, तिथे आता दगडखाण आहे. उरलं ते एकच रोप, आमच्या काचघरात ओंडक्यावर बांधलेलं.

ते रोप म्हणजे चिमटीचा जीव की प्राण. चिमटी आमची संशोधक. केसांत पिन खोचावी तसा चिमटा खोचून हिंडते, म्हणून हे नाव. या वर्षी रोपाला तीन फुलं आली. दातकोरणीच्या टोकाने तिने त्यांच्यात परागांची देवाणघेवाण केली. दोन गळाली, एकाने धरलं. बोटाच्या पेराएवढं हिरवं बोंड. एकशेवीस दिवस ते झाडावर राहायला हवं, मग आतलं तपकिरीसारखं बारीक बी बाटल्यांत पेरायचं. रोप म्हातारं, पुन्हा फुलेल याची हमी नव्हती. हे बोंड गेलं म्हणजे वंशच बुडाला.

चिमटीने काचघराच्या दारावर खडूने दिवस मांडायला घेतले. तिला गोगलगाईची भीती, माळीमामांच्या पाइपची भीती, वीज जाण्याची भीती. डबा खातानाही मान काचघराकडे.

“अगं, घरात पोटुशी सून असल्यासारखी वागतेस,” मी म्हटलं.

“सुनेला पुन्हा दिवस जातील, ताई. हिचं काय?”

तिला सगळ्यांची भीती होती, फक्त माझी नव्हती. तिथेच चुकलं.

सत्त्याण्णवाव्या दिवशी दुपारी थोरले सर माझ्या टेबलाशी टेकले. “काय गं, माझं काही अपुरं राहिलंय का तुझ्या वहीत?”

वहीचा टेंभा मिरवायची संधी मी कशाला सोडते? पान उघडून बोट ठेवलं. “हे बघा. एकतीस वर्षं. पान आहे, फूल आहे, फळाच्या नावाने शून्य. आता काचघरात लागलंय म्हणतात.”

“हं,” सर म्हणाले. “भरायला हवा.”

मी हसले. म्हाताऱ्या माणसाच्या हुंकाराची कोणी नोंद ठेवतं का?

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर प्रेस होता, पट्टे आवळलेले. वरचं वर्तमानपत्र त्याच सकाळचं. शेजारी सर, वाढदिवसाची भेट आणलेल्या माणसासारखे.

“उघड. वही काढ आधी.”

मी पट्टे सोडले. कागदाच्या घडीत बोंड होतं, देठासकट.

“सर, हे... हे अजून तीन आठवडे राहायचं होतं!”

“मग फुटून वाऱ्यावर गेलं असतं. आमच्या वेळी दुसऱ्या ऑर्किडांचं बी सतरा वेळा पेरलं, एक उगवलं नाही. झाडाचा काय भरवसा? कागद तरी राहतो.” मग माझा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरला. “तूच दाखवलास ना रकाना?”

मीच दाखवला होता. कागदाची घडी उचलून मी चिमटीच्या प्रयोगशाळेकडे धावले. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच.

चिमटी रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त बोंड उजेडात धरलं. ओठ पांढरे पडले होते.

“किती वेळ झाला?”

“तासभर असेल.”

“चीर नाही गेलेली.” हे ती मला सांगत नव्हती. “कच्चं आहे. कच्च्यातूनही येतं कधीकधी. ताई, दार लावा. बाहेरून.”

तिने बोंड धुऊन निर्जंतुक केलं, कापलं आणि बी बारा बाटल्यांतल्या आगरावर, त्या जेलीसारख्या खाद्यावर, पसरलं. दाराबाहेर बाकावर सर बसले होते, प्रेस मांडीवर. तासाभराने ती बाहेर आली आणि त्यांच्या हातावर रिकामं टरफल ठेवलं.

“घ्या. एवढंच तुमचं.”

सरांनी ते कागदात ठेवलं, पण पट्टा काही आवळला नाही.

पुढचे दिवस मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या आठवड्यात तीन बाटल्यांत बुरशी. दुसऱ्यात आणखी पाच. चिमटी येता-जाता आकडा सांगायची. मरणाचे आकडे माझ्या वहीत कायम, पण या बाटल्यांचे लिहायला लेखणी उचलेना. सर रोज त्याच बाकावर. “काही?” एवढंच विचारायचे. ती मान हलवायची, नकाराची. फळाचा रकाना मी भरला नव्हता. सरांनी दिलेलं टरफल माझ्या टेबलाच्या खणात होतं.

पेरल्यापासून बेचाळिसाव्या दिवशी दोनच बाटल्या स्वच्छ उरल्या होत्या. चिमटी दारात आली.

“ताई, या. त्यांनाही आणा.”

पांढऱ्या आगरावर मोहरीहूनही बारीक हिरवे ठिपके. एका बाटलीत थोडे, दुसरीत जास्त. सवयीने माझं बोट काचेवर गेलं, “एक, दोन...”

“मोजू नका,” चिमटी पटकन म्हणाली. “अजून नको.”

मी बोट मागे घेतलं. सर पुढे झाले. प्रेस त्यांनी दाराबाहेर बाकावरच ठेवला होता. बाटलीपाशी येताच त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, एकाने दुसऱ्याचं मनगट घट्ट पकडलं, आणि मगच वाकून आत पाहिलं.